अंदाजाने

ग्राझिनाचं मनगट तळघराच्या पायरीवर मोडलं.
हातातली काकडीच्या लोणच्याची बरणी शाबूत राहिली.
सहा आठवडे प्लास्टर.
एकतीस वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात
बल्ब बदलण्यापुरता शिरलो होतो.

त्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझं पोट चाचपलं,
कागदावर एक गोल काढला, मधोमध रेघ :
अर्ध्यात भाजी,
पावात मासा नाहीतर अंडं,
उरलेल्या पावात धान्य.
"आणि चरबीत तळलेलं डुकराचं मांस?"
त्यांनी गोलाबाहेर, पार कागदाच्या कडेला
एक ठिपका दिला.
"नाताळला."

मी ट्राम चालवतो, बिदगोश्चमधली, पाच नंबरची.
नदीवरच्या पुलावर किती वाजून किती मिनिटांनी पोचायचं
ते मला छापून मिळतं.
ग्राझिना स्टुलावर बसून सांगते, "मीठ घाल."
किती?
"अंदाजाने."
तो कुठल्या डब्यात ठेवतेस, मी विचारलं.
ती हसली, मग हात दुखला, मग चिडली.

पहिल्या सोमवारी कांदा करपला.
दुसरा कांदाही.
"आच कमी कर, मिरेक. एक चमचा तेल पुरे,
बाटली उपडी नको करूस.
चिकटायला लागला की पाणी शिंपड,
दोन घोट, बस."
हे मात्र लगेच पटलं.
रूळ निसरडे झाले की आम्हीही
चाकापुढे चिमूटभर वाळूच सोडतो.

कुट्टू सगळ्यात सोपा निघाला.
एक वाटी दाणे, दोन वाट्या पाणी, मीठ
(चला, अंदाजाने),
पाणी आटलं की भांडं टॉवेलात गुंडाळून
थेट आमच्या पलंगावर, पिसांच्या दुलईखाली.
तिची आई असंच करायची म्हणे.
अर्धा तास त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.
तेवढ्यात मी बूट काढतो, कोबी चिरतो,
बारीक म्हणजे माझ्या मानाने बारीक,
वर लिंबू, शहाजिरं.
रात्री पलंग मधोमध ऊबदार असतो
आणि उशीला खमंग वास.

बुधवारी उशिराची पाळी होती.
स्टेशनसमोरच्या टपरीवर मी एक सॉसेज खाल्लं, उभ्यानेच.
घरी आलो तर ती म्हणाली, "मिशीला मोहरी लागलीय."
एवढंच.
मग म्हणाली, "असं दमून आलास की दोन अंडी उकडायची.
पालक धुवायचा, तसाच निथळता पातेल्यात टाकायचा,
झाकण. वेगळं पाणी नको, तेल नको.
बूट काढेपर्यंत होतो."
खरंच झाला. एवढा भारा होता,
मूठभर उरला.
मी तो मुकाट्याने खाल्ला.

आता जून. बीटं उकडून किसतो,
ताकात कालवतो, काकडी, मुळा, वरून शेपू,
शेपू म्हणजे जुडीच्या जुडी.
तो वास बोटांना धरून राहतो,
सकाळी ट्रामच्या दांड्यालाही लागतो.
काल एक म्हातारी चढताना थबकली,
नाक वर करून म्हणाली,
"बीटाचं थंड सार! कुणाच्या हातचं?"
मी घंटा वाजवली.
पट्टा दोन भोकं आत गेलाय,
हे तिला सांगायचं होतं खरं तर.

आज गुरुवार.
भर उन्हाळ्यात शाल लपेटून
ग्राझिना स्टुलावर बसलीय.
फ्रिजवर दवाखान्याची चिठ्ठी आहे, मंगळवारची तारीख,
आणि शालीतून क्षणभर दिसलं मनगट,
सोललेल्या मुळ्यासारखं पांढरं, बारीक,
मोकळं.

मी वळलो तव्याकडे,
कांद्यावर दोन घोट पाणी शिंपडलं,
कॉडचा तुकडा हलकेच ठेवला वर.

"मीठ किती घालू गं?" मी विचारलं.